पक्षी किती हातांवर होता?

द्रोणाचार्यांनी घेतलेली ती प्रसिद्ध परीक्षा मराठी घरातल्या प्रत्येक मुलाने निदान एकदा तरी ऐकलेली असते, आणि ती बहुधा अभ्यासाला बसायच्या वेळीच ऐकवलेली असते. झाडावर पक्षी, खाली राजपुत्रांची रांग. काय दिसतं, असं गुरुजी विचारतात. युधिष्ठिर म्हणतो, झाड दिसतं, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात, पक्षीही दिसतो. गुरुजी त्याला बाजूला काढतात. पाठोपाठ बाकीचेही नापास होतात. मग अर्जुन येतो, त्याला फक्त डोळा दिसतो, आणि त्याचा बाण बरोबर लागतो. मूळ महाभारतातला तो पक्षी कारागिरांकडून बनवून घेतलेला आणि भास जातीचा आहे, आणि अर्जुनाला दिसतं ते त्याचं डोकं. आपल्याकडे सांगता सांगता डोक्याचा डोळा झाला आणि भासाचा पोपट. एवढ्या बारीक दुरुस्त्या ज्यांनी केल्या त्यांच्यापैकी एकालाही साधा प्रश्न पडला नाही की, तो पक्षी होता किती हातांवर? गोष्ट एकाग्रतेची आहे, मोजमापाची नाही, असं यावर कोणी म्हणेल. माझी तक्रार नेमकी तीच आहे. धनुष्याच्या नेमातला अवघड भाग गोष्टीतून गळून पडला आणि सोपा भाग तेवढा सुविचार होऊन शाळेच्या भिंतीवर लागला. लक्ष्याकडे टक लावून बघितल्याने बाणाला दिशा मिळते. तो किती उंचीवर पोहोचणार हे मात्र अंतर ठरवतं, आणि अंतराला आपल्या एकाग्रतेबद्दल कसलाही आदर नाही.

बाण सरळ जातो हा समज कॅलेंडरांवरच्या चित्रांनी पेरला आणि रविवार सकाळच्या मालिकांनी त्याला खतपाणी घातलं. त्या मालिकांत दोन बाण समोरासमोर येऊन हवेत थबकत, एकमेकांना अजमावत, आणि मग कमी पुण्याईचा बाण विझून जाई. गुरुत्वाकर्षणाला त्या नटसंचात भूमिका नव्हती. प्रत्यक्षात दोरी सुटल्या क्षणापासून बाण खाली यायला लागतो. साध्या लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने निघाला असं धरू, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून हवेचा अडथळा बाजूला ठेवू. १० मीटरवर पोहोचेपर्यंत हा बाण रोखलेल्या रेषेच्या २० सेंटिमीटर खाली आलेला असतो. २० मीटरवर ही घसरण जवळजवळ ८० सेंटिमीटर होते, ४० मीटरवर ३ मीटरच्या वर जाते, आणि ६० मीटरवर ७ मीटर, म्हणजे दुमजली घराएवढी. अंतर दुप्पट झालं की घसरण चौपट, असा हा सावकारी व्याजाचा व्यवहार आहे. तेव्हा पक्षी २० मीटरवर असता आणि अर्जुनाने बाण खरोखरच डोळ्याच्या रेषेत रोखला असता, तर पक्षी तसाच राहिला असता आणि फांदीला भोक पडलं असतं. पक्षी लाकडाचा असल्यामुळे त्याला त्याचं सुखदुःख नव्हतं, पण गुरुजींची गोष्ट मात्र तिथेच संपली असती.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. बाण डोळ्यातून सुटत नाही. धनुर्धर दोरी ओढून हात हनुवटीशी किंवा ओठांच्या कोपऱ्याशी टेकवतो, म्हणजे बाणाची मागची खाच डोळ्याच्या खाली काही बोटं असते. अशा वेळी डोळा, बाणाचं टोक आणि लक्ष्य एका रेषेत आणलं, तर बाण आपसूकच थोडा वर तोंड करून उभा राहतो. म्हणून प्रत्येक धनुष्याचं आणि प्रत्येक धनुर्धराचं असं एकच अंतर असतं, जिथे टोक थेट लक्ष्यावर ठेवलं की बाण लक्ष्यावर लागतो. पुष्कळांच्या बाबतीत ते पन्नास-साठ मीटरच्या आसपास येतं. त्याच्या अलीकडे कुठेही उभं राहा, टोक लक्ष्याच्या खाली ठेवावं लागतं. २० मीटरवर तर ते चक्क समोरच्या गवताकडे रोखावं लागतं. त्या अंतराच्या पलीकडे गेलात की टोक लक्ष्याच्या वर, मागच्या झाडाच्या शेंड्यावर किंवा नुसत्याच आकाशावर. सारांश, आयुष्यातली एक ठरावीक जागा सोडली तर बाकी सगळीकडे धनुर्धर ज्याला मारायचं त्याच्याकडे बाण रोखतच नाही. ‘मला फक्त डोळा दिसतो’ हे वाक्य ऐकायला छान आहे, पण ज्याला खरंच फक्त डोळा दिसतो त्याला बाणाचं टोक कुठे ठेवायचं हे कळायला आधारच उरत नाही.

आता युधिष्ठिराकडे पुन्हा एकदा बघा. त्याला झाड दिसत होतं, म्हणजे बुंधा किती जाड वाटतो त्यावरून तो किती लांब आहे याचा अदमास घेता येत होता. त्याला भाऊ दिसत होते, आणि भावांची उंची त्याला लहानपणापासून पाठ होती. शेजारी भीम उभा असताना तर मोजपट्टीचीही गरज नव्हती. गुरुजी दिसत होते, फांदी दिसत होती, मधली जमीन दिसत होती. दूरवरच्या वस्तूचं अंतर माणसाला कळतं ते याच आधारांवरून. भोवतालचं सगळं पुसून टाकलं आणि अधांतरी एक ठिपका ठेवला, तर तो जवळचा लहान ठिपका आहे की लांबचा मोठा, हे भल्याभल्या डोळ्यांना सांगता येत नाही. त्या रांगेत अंतरमोजणीची सामग्री गोळा करणारा हा पहिला विद्यार्थी होता आणि त्यालाच आधी नापास केलं गेलं. पुढे त्याने धर्मराज होणं पत्करलं यात नवल नाही. यावर लगेच आक्षेप येईल की, बाण तर अर्जुनाचाच लागला ना? लागला, पण तो कसा लागला हे गोष्टीतच आहे. उभं राहायची जागा गुरूंनी नेमून दिलेली, पक्षी निश्चल, आणि परीक्षार्थी असा की ज्याने अंधारात जेवताना हात बरोबर तोंडाशी जातो हे पाहून रात्रीचाही सराव सुरू केला होता. अंतराचा हिशेब त्याच्या दंडात आधीच उतरलेला होता. गुरूंनी विचारलं तेव्हा त्याने उत्तरातला शेवटचा आकडा तेवढा सांगितला, आणि आपण रीत न बघता पैकीच्या पैकी गुण दिले. गणिताच्या कोणत्याही मास्तरांनी हे चालवून घेतलं नसतं.

जुन्या जाणकारांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. आपल्याकडच्या धनुर्वेदाच्या ग्रंथांत लक्ष्याची प्रतवारीच अंतरावर केलेली आहे: ६० धनुष्यांवरचं लक्ष्य उत्तम, ४० वरचं मध्यम, २० वरचं कनिष्ठ. एक धनुष्य म्हणजे चार हात, साधारण १.८ मीटर, म्हणजे हे हिशेब जवळपास १०८, ७२ आणि ३६ मीटरचे झाले. लक्ष्य स्थिर की चल, धनुर्धर स्थिर की चल, की दोघेही चल, अशा चार जातीही त्यांनी पाडल्या. शेवटची जात वाचली की मराठी माणसाला आपला रोजचा रस्ता ओलांडणं आठवावं. तिकडे इंग्लंडात रॉजर अॅशम या विद्वानाने १५४५ साली ‘टॉक्सोफिलस’ नावाचं धनुर्विद्येवरचं पुस्तक लिहून आठव्या हेन्रीला अर्पण केलं. त्यात त्याने लक्ष्यवेधाचे सरळ दोन भाग पाडले आहेत: बाण सरळ मारणं हा एक, आणि लांबी राखणं हा दुसरा. दुसऱ्याच्या वाटेत वारा-पाऊस येतात म्हणून तो भाग जास्त त्रासाचा, असं त्याचं म्हणणं. डोळा लक्ष्यावरच ठेवावा हेही तो सांगतो, पण तेवढ्याने काम झालं असं सांगत नाही. त्याच्या राजाने तर १५४१ मध्ये कायदाच केला होता. चोवीस वर्षांखालच्या तरुणांनी एकाच ठरलेल्या निशाण्यावर बाण मारत बसायचं नाही, प्रत्येक बाणाला नवं लक्ष्य शोधायचं. आणि चोवीसच्या वरच्यांनी हलके बाण २२० यार्डांच्या आतल्या लक्ष्यावर मारायचे नाहीत. म्हणजे तरुणांनी रानोमाळ हिंडून अंतरं ओळखायला शिकावं, अशी ही सक्ती होती. एकाग्रतेसाठी कुठल्या राजाने कायदा केल्याचं माझ्या वाचनात नाही.

अंतराच्या या कटकटीवर धनुर्धरांनी काढलेले तोडगे फार मजेशीर आहेत. एक जुना तोडगा असा की, लक्ष्याकडे बघायचंच नाही. अमुक अंतरावर बाणाचं टोक गवतात कुठे येतं हे एकदा पक्कं करायचं, तिथे एक रंगीत खूण रोवायची आणि पुढचे सगळे बाण त्या खुणेवर रोखायचे. बाण लक्ष्यावर लागतात, प्रेक्षक लक्ष्याकडे बघून टाळ्या वाजवतात आणि धनुर्धर गवतातल्या एका काडीकडे ध्यान लावून उभा असतो. अंतर वाढून टोक झाडाच्या शेंड्यावर ठेवायची वेळ आली की हा मनुष्य वृक्षप्रेमी होतो, कारण ते झाड कोणी छाटलं तर त्याचा नेमच छाटला जातो. दुसरा तोडगा चेहऱ्यावरचा. लांबच्या लक्ष्याला हात हनुवटीखाली टेकवायचा, मधल्याला ओठांच्या कोपऱ्याशी, जवळच्याला गालफडाच्या हाडाशी. खाच डोळ्याच्या जितकी जवळ, तितका बाण कमी उंच जातो. तिसरा तोडगा दोरीवरचा आहे. बोटं खाचेपाशी न ठेवता दोरीवर खाली सरकवायची; जितकं लक्ष्य जवळ, तितकी बोटं खाली. त्यासाठी बोटांवरच्या चामड्याच्या शिवणीचे टाके मोजतात. २० मीटरला इतके टाके, ३० ला इतके. पुरातन शस्त्र हातात घेऊन, नजर रोखून, ओठ आवळून उभा असलेला वीर मनातल्या मनात टाके मोजत असतो हे कळलं की वीररसाचा थोडा विरस होतो खरा. काही स्पर्धांत हा प्रकार चालतो, पण पारंपरिक धनुष्याच्या गटात बोट खाचेला टेकलेलंच हवं असा नियम आहे. तिथे टाके मोजणाऱ्याला परंपराभ्रष्ट समजतात.

हे सगळं ऐकून काही मंडळी हमखास हसतात. ती म्हणतात, हे आकडे तुम्हालाच लखलाभ. खरा तिरंदाज मोजत नाही, त्याला आतून कळतं. आंब्यावर दगड मारणारं पोर काय आधी त्रिकोणमिती शिकतं? आक्षेप वजनदार आहे, आणि आंबा पडतो हेही खरं. पण पोराने आधी किती दगड फुकट घालवले, आणि त्यांतले किती शेजारच्या कौलांवर पडले, हे आंब्याच्या मालकाला विचारावं. आतून कळणं म्हणजे चुकलेल्या नेमांची मनात साठलेली वहीच, फक्त ती वाचायला वेळ लागत नाही. दुसरं असं की, उपजत नेमाचे दाखले म्हणून ज्यांची नावं घेतली जातात ते स्वतःच या पंथात बसत नाहीत. १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटासाठी ज्याने बाण मारले तो अमेरिकेचा हॉवर्ड हिल आपल्या पद्धतीला दुहेरी नजर म्हणत असे: मुख्य नजर लक्ष्यावर, आणि नजरेच्या कडेने बाणाचं टोक व लक्ष्य यांतलं अंतर जोखायचं. म्हणजे ज्याला लोक अंतःप्रेरणा म्हणून नमस्कार करत होते, तो डोळ्याच्या कोपऱ्यातून हिशेबच करत होता. आणि १९११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रानातून बाहेर आलेला, ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, इशी, त्याची तऱ्हा तर सगळ्यांहून शहाणी. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून ती लिहून ठेवली. इशी सशाचा आवाज हुबेहूब काढून जनावराला जवळ बोलवत असे. अंतराचा अंदाज चुकेल अशी शंका आली तर अंतरच कमी करायचं, हा उपाय एकाही ग्रंथातल्या उपायाहून कमी प्रतीचा नाही. सातपुड्यातले भिल्ल किंवा कोकणातले कातकरी तिरकामठा घेऊन निघतात तेव्हा त्यांचाही भर दबक्या पावलांनी जवळ जाण्यावरच असतो. नेम सुधारायचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पाय.

दुसरा आक्षेप पूर्वेकडून येतो आणि तो जरा गंभीर चेहऱ्याने येतो. ऑयगेन हेरिगेल या जर्मन प्राध्यापकाने जपानी धनुर्विद्येवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकामुळे जगभर माहीत झालेला प्रसंग असा की, आवा केन्झो या गुरूंनी रात्री अंधारात दोन बाण मारले. पहिला निशाण्याच्या मध्यात लागला आणि दुसऱ्याने पहिल्याची मागची बाजू चिरली. झालं, अंतर वगैरे सगळी माया ठरली. पण जपानी क्यूदोत निशाणा २८ मीटरवर असतो, काल असतो, आज असतो आणि दिवा मालवल्यावरही तिथेच असतो. त्याच जागी वर्षानुवर्षं उभं राहून बाण मारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने अंधार झाला म्हणजे फक्त प्रेक्षकांची गैरसोय झाली. निशाणा कोणी गुपचूप पाच मीटर मागे नेऊन ठेवला असता, तर अध्यात्माची परीक्षा झाली असती. अंधारातल्या नेमाचा आपल्याकडचा दाखला अर्थात दशरथाचा, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो हे मान्य केलं पाहिजे. शब्दवेधी बाणाला दिशा अचूक होती, अंतरही अचूक होतं. घागर बुडण्याचा आवाज हत्तीचा नाही, एवढीच माहिती कमी होती, आणि तिची किंमत श्रावणबाळाने मोजली. अंतर कळणं पुरेसं नाही, एवढं त्यावरून सिद्ध होतं. ते लागतच नाही, असं सिद्ध होत नाही.

तिसरा आक्षेप पैलवानी आहे: धनुष्यच दणकट घ्या, बाण इतका जोरात जाईल की त्याला पडायला वेळच मिळणार नाही. अॅशमचं पुस्तक निघालं त्याच १५४५ सालात बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या जहाजातून दीडशेच्या वर लांब धनुष्यं निघाली, आणि त्यांची ओढ बहुतेक १०० पौंडांच्या पुढची आहे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढ्या धनुष्याला हलका बाण चालत नाही, बाणही जड लागतो, त्यामुळे जोर दुप्पट झाला तरी वेग काही दुप्पट होत नाही. घसरण थोडी कमी होते, नाहीशी होत नाही. मग रणांगणात हजारो बाण एकदम सोडत, तिथे कुठला आला नेम, असाही प्रश्न येतो. तिथे तर दिशेची चैन सोडून द्यावी लागे आणि अंतर तेवढं सांभाळावं लागे. समोर अर्धा मैल रुंद सैन्य असताना डावी-उजवीकडे चुकायला वाव नसतो. पण बाण पन्नास पावलं अलीकडे पडले तर सगळा पाऊस शेतावर पडतो.

खरी अडचण अशी आहे की, अंतराचा अंदाज हा विषय माणसाला, आणि त्यातून मराठी माणसाला, स्वभावतः अवघड जातो. स्टेशनपासून पाच मिनिटांवर असलेल्या सोसायट्यांत राहणारी आपण माणसं. ती पाच मिनिटं कोणाची, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. गावाकडे रस्ता विचारला तर ‘हे काय, इथंच की’ या मापात तीन किलोमीटर सहज मावतात. धनुष्य मात्र हे माप मानत नाही. वर धरलेल्या बाणाचाच हिशेब पुढे नेऊ. लक्ष्य २० मीटरवर आहे आणि तुम्हाला ते १८ वाटलं, तर बाण सुमारे ८ सेंटिमीटर खाली लागेल. तेवढं लक्ष्य पोटात घालतं. लक्ष्य ६० मीटरवर आहे आणि ५४ वाटलं, चूक तेवढ्याच टक्क्यांची, तर बाण ७० सेंटिमीटर खाली जाईल, म्हणजे निशाण्याच्या तिकाटण्याच्या पायांत. त्यातून जमीन फसवते. मध्ये घळ किंवा पाणी असलं की पलीकडची वस्तू आहे त्याहून जवळ वाटते. दोन्ही बाजूंनी झाडीने आवळलेल्या वाटेच्या टोकाला असली की लांब वाटते. आणि चढउताराची तर तऱ्हाच निराळी. डोंगरावरून खाली मारताना नेम थोडा कमी धरावा लागतो हे मनाला पटतं. खालून वर मारताना तो जास्त धरावा लागेल असं वाटतं, पण तिथेही कमीच धरावा लागतो, कारण घसरणीचा संबंध येतो आडव्या अंतराशी, आणि उतारावर तिरक्या अंतरापेक्षा ते नेहमीच कमी भरतं. गडावरून खाली आणि खालून गडावर, दोन्हीकडून एकच सल्ला. सह्याद्रीत लढणाऱ्यांना हे कोणी सूत्र म्हणून सांगितलं असेल असं वाटत नाही. बाण डोक्यावरून गेला की कळत असेल, अर्थात कळणारा शिल्लक राहिला तर.

अंतरावर मात करायचा सर्वांत प्रेमळ उपाय भूतानने शोधला आहे. तिथे धनुर्विद्या हा राष्ट्रीय खेळ, आणि निशाणा जवळपास १४५ मीटरवर. फळी जेमतेम वीतभराहून थोडी रुंद आणि मीटरभर उंच. आपल्या ५० मीटर वेगाच्या बाणाला तिथे पोहोचायला साधारण तीन सेकंद लागतील आणि सुटताना तो सतरा अंशांनी तरी वर रोखावा लागेल, म्हणजे फळी बाणाच्या टोकाच्या कितीतरी खाली राहते. इतक्या लांबून आपला बाण कुठे पडला हे मारणाऱ्याला दिसणंही मुश्कील. म्हणून त्याचे साथीदार फळीच्या आसपासच उभे राहतात, बाण येताना बघून अंग चुकवतात, आणि कुठे पडला हे हातवारे करून कळवतात. बाण लागला की नाचतात, गातात. प्रतिस्पर्धी संघाचे लोकही तिथेच असतात. ते नेम धरणाऱ्याच्या खोड्या काढतात, त्याच्या कौशल्याची आणि रूपाची जाहीर टिंगल करतात. यात शास्त्र मोठं आहे. पहिला बाण अंदाजाचा, त्याची खबर पलीकडून आली की दुसरा सुधारलेला. आपण ज्याला एकट्या वीराची तपश्चर्या समजतो ते काम त्यांनी गावजत्रेसारखं वाटून घेतलं आहे. द्रोणाचार्य तिथे परीक्षक म्हणून गेले असते तर ‘काय दिसतं?’ या प्रश्नाला त्यांना उत्तर मिळालं असतं, ‘माझा मेव्हणा नाचताना दिसतो.’ आणि बाण लागला असता.

आधुनिक जगाने मात्र प्रश्न सोडवण्याऐवजी तो मैदानाबाहेर काढला. ऑलिम्पिकमध्ये अंतर ७० मीटर, त्यात दुमत नाही. आपल्याकडच्या इंडियन राउंडमध्ये बांबूचं-लाकडाचं धनुष्य असतं, पण अंतरं ३० आणि ५० मीटर अशी ठरलेली. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले तेव्हाही लक्ष्य ५० मीटरवर होतं आणि धनुष्याला भिंग होतं. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले हे ऐकून द्रोणाचार्यही उठून उभे राहिले असते, यात शंका नाही. पण लक्ष्य किती लांब आहे हे त्याला विचारावं लागलं नाही, एवढीच माझी नोंद. तो प्रश्न आता शिल्लक आहे फील्ड आर्चरी नावाच्या प्रकारात. तिथे रानातून चालत जायचं, कुठे चढावर, कुठे झाडीआड लक्ष्य ठेवलेलं, आणि काही फेऱ्यांत त्याचं अंतर सांगतच नाहीत. अंतर मोजायचं यंत्र न्यायला बंदी. उघड्या धनुष्याच्या गटात तर पंच आधी धनुष्यच तपासतात. नेमाला आधार देईल असं काहीही त्याला चिकटवलेलं नको. सगळा जामानिमा १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून पार झाला पाहिजे. धनुष्याच्या आतल्या बाजूला खूण नको, रेघ नको, लाकडाचे थरसुद्धा असे दिसायला नकोत की त्यांचा मोजपट्टीसारखा उपयोग होईल. एखाद्या धनुष्यावर बारीकसा ओरखडा निघाला की पंच तो अंगठ्याने चाचपतात, धनुर्धर तो गाडीच्या डिकीत पडला असं शपथेवर सांगतो, आणि दोघांनाही पक्कं ठाऊक असतं की तो ओरखडा बरोबर ३० मीटरवर येतो.